पायऱ्या किती ते छापा

हँडबिल हा प्रकार आपल्याकडे वाचण्यापेक्षा इतर कामांसाठीच जास्त वापरला जातो. सकाळी पेपर उघडला की दोन-चार रंगीत कागद घसरून खाली पडतात. ते न बघता बाजूला ठेवायचे आणि मग डब्याखाली घालायला, कपाटात अंथरायला, किराण्याची यादी करायला घ्यायचे. माझी आजी एकाच बाजूला छापलेली हँडबिलं वेगळी काढून टाचणी लावून ठेवायची. दोन्ही बाजूंनी छापलेलं हँडबिल म्हणजे तिच्या मते शुद्ध फसवणूक. तर गेले दोन महिने माझे शनिवार-रविवार याच विषयात गेले, म्हणून आज त्यावरच लिहिते.

निमित्त मामाचं. माझा मामा साताऱ्यात असतो आणि ग्रुप सहली काढतो. अष्टविनायक, पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर, गणपतीपुळे वगैरे. बस, जेवण, मुक्काम, सगळं त्याच्याकडे. मार्च २०२० मध्ये सगळं ठप्प झालं तेव्हा त्याच्याकडे दोन बसेस होत्या. एक विकली. दुसरीचा हप्ता अजून चालू आहे, आणि बस उभी असली तरी हप्ता काही उभा राहत नाही. मोठ्या टूर कंपन्या पेपरात पानभर जाहिरात देतात, मामाला ते परवडणं शक्यच नाही. त्याच्याकडे आहे ते म्हणजे पेपरवाल्याकडून टाकायची हँडबिलं. यंदा त्याचा फोन आला, "अगं, तू कॉम्प्युटरमधली ना, एक झकास पत्रक करून दे. सीझनच्या आधी पाच हजार छापायची आहेत." कॉम्प्युटरमधली म्हणजे मी बँकांच्या सॉफ्टवेअरचं बॅकएंड लिहिते, पण हे मामाला सांगून उपयोग नाही. नातेवाइकांच्या लेखी प्रिंटर दुरुस्तीपासून पत्रिका छापण्यापर्यंत सगळं एकच खातं.

जाता जाता एक गंमत. टॉमस कुक या माणसाने ५ जुलै १८४१ ला इंग्लंडमध्ये लेस्टरहून लॉफबरोला सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. दारूबंदीची सभा होती तिकडे. ग्रुप टूरचा धंदा तिथून सुरू झाला असं मानतात. हाच कुक पुढे लेस्टरमध्ये छापखाना चालवायचा आणि १८४५ मध्ये त्याने लिव्हरपूलची सहल काढली तेव्हा प्रवाशांसाठी माहितीची पुस्तिकाही काढली. म्हणजे सहल आणि छापील कागद यांची सोयरीक पहिल्यापासूनची आहे. असो.

मामाचं जुनं पत्रक मी समोर ठेवलं. ए-फाईव्ह आकार, चकचकीत कागद, वर आठही गणपतींचे फोटो, मध्ये लाल अक्षरांत "भव्य अष्टविनायक दर्शन सहल", खाली बसचं चित्र (मामाची बस नव्हे, इंटरनेटवरची कुठलीतरी परदेशी बस, दार उजवीकडे), आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत फोन नंबर. शेजारच्या दोन टूरवाल्यांची पत्रकं मामीने दाखवली. तीही हुबेहूब तशीच. नावं झाकली तर कुणाचं कुठलं ते ओळखू येणार नाही.

देवाच्या फोटोंवरून मामा-मामीचा जुना वाद आहे. मामाचं म्हणणं, देवाचा फोटो असला की माणूस कागद फेकत नाही. मामीचं म्हणणं, फेकत नाही पण सांभाळतही नाही, शेवटी तो रस्त्यावर येतो आणि देव पायदळी येतात. "एकदा भेळेच्या पुड्यात आपलाच बल्लाळेश्वर निघाला," मामी म्हणाली. यावर मामा गप्प बसला.

मी आधी माझ्या सवयीप्रमाणे वहीत हिशेब मांडला. बस ठरली की तिचा खर्च ठरला. डिझेल, ड्रायव्हर, टोल, पार्किंग. आत २८ माणसं असोत नाहीतर ४२. समजा दोन दिवसांचा बसचा खर्च ४२,००० रुपये आणि माणशी जेवण-मुक्काम १,२०० (आकडे सोयीसाठी गोल केलेत). ४२ माणसं असतील तर माणशी बसचे १,००० होतात, एकूण २,२००. २८ असतील तर बसचेच १,५००, एकूण २,७००. दर २,२०० जाहीर करून बसलो आणि २८च आले, तर माणशी पाचशे म्हणजे १४,००० रुपये मामाच्या खिशातून. सगळा धंदा या भागाकारात आहे. म्हणून मग मामाला विचारलं, गेल्या काही वर्षांत ज्या बस खऱ्या अर्थाने भरल्या त्या कशा भरल्या? तो आठवत गेला. एक महिलांचा भिशी ग्रुप, एक भजनी मंडळ, एक ज्येष्ठ नागरिक संघ, एका बँकेचे निवृत्त लोक. हँडबिल वाचून सुटे सुटे लोक यायचे, दोघं, तिघं, चौघं, आणि त्यांची मोट बांधताना मामाच्या नाकी नऊ यायचे. बस भरायची ती एका माणसामुळे. ग्रुपमधली एक कुणीतरी उत्साही व्यक्ती मनावर घ्यायची, नावं गोळा करायची, पैसे गोळा करायची.

मग पाच हजार घरांत कागद कशाला टाकायचा? तो त्या एका व्यक्तीच्या हातात जायला हवा. साताऱ्यात, कराडात, वाईत, कोरेगावात मिळून अशा किती व्यक्ती असतील? काहीशे. हे मामाला पटायला एक आख्खा रविवार गेला.

अशा एक बाई मामाच्याच गल्लीत राहतात. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या जवळ, आणि पंचवीस-तीस बायकांचा ग्रुप त्यांच्या एका फोनवर गोळा होतो. मी माझा पहिला आराखडा घेऊन त्यांच्याकडे गेले. मनात कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. बाईंनी चष्मा लावला, टेबलावरचं लाल पेन घेतलं आणि निबंध तपासावा तसा कागद तपासायला घेतला.

"सकाळी साडेपाचला बस सुटणार. बरं. पहिला चहा कुठे?"

मामा म्हणाला, वाटेत लोणंदच्या आसपास थांबतो. "मग लिहा तसं. आणि तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? ते आधी लिहा, चहा नंतर."

मग एकेक प्रश्न येत गेले. एका खोलीत किती जणी? पलंग आहेत की खाली गाद्या? गरम पाणी किती वाजेपर्यंत? उपास असेल तिला काय मिळणार? पुढच्या सीट कुणाला? मी भराभर लिहून घेत होते. आमच्या ऑफिसात बिझनेस अ‍ॅनालिस्ट नावाची माणसं असतात, त्यांनी महिनाभर बसून इतक्या नेमक्या रिक्वायरमेंट्स काढल्या नसत्या.

मग लेण्याद्री आलं. अष्टविनायकांतला हा एकच गणपती डोंगरावर, लेण्यात. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बाई म्हणाल्या, "पायऱ्या किती ते छापा."

मामा कळवळला. "बाई, पायऱ्या छापल्या तर निम्म्या बायका घरी बसतील."

"आणि नाही छापल्या तर त्या निम्म्या बायका पायथ्याशी बसतील आणि मला शिव्या देतील," बाई म्हणाल्या. "त्यांना आधी कळलं तर त्या गुडघ्याचा पट्टा घेऊन येतील, डोलीचे पैसे वेगळे ठेवतील, नाहीतर खाली सावलीत बसायची तयारी करून येतील. आता सावलीत बसायला जागा कुठे आहे ते पण छापा."

शेवटी त्यांनी पैशांचं विचारलं. एखादी आयत्या वेळी गळाली तर तिचे पैसे कुणाचे? मामा नेहमीचं बोलला, "बघू हो तेव्हा, आपण काही परके आहोत का?" बाईंनी पेन खाली ठेवलं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका टूरवाल्याबरोबर असंच "बघू" झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दोघी आजारी पडल्या, टूरवाल्याने पैसे परत दिले नाहीत, आणि त्या दोघींना बाईंनी स्वतःच्या पेन्शनमधून पैसे दिले. कुणाला सांगितलं नाही. "पत्रक तुमचं असतं हो, पण शब्द माझा जातो. त्या तुम्हाला ओळखत नाहीत, मला ओळखतात."

परत येताना मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग घरी आल्यावर म्हणाला, "तू ते पैसे परत द्यायचं स्पष्ट लिही. आठ दिवस आधी कळवलं तर पूर्ण परत. नंतर कळवलं तर जेवण-मुक्कामाचे परत, बसचे नाही. बदली माणूस दिलं तर काहीच कापणार नाही." मी म्हटलं, हे मोठ्या अक्षरांत जाईल, तळाशी बारीक नाही. तो म्हणाला, "जाऊ दे मोठ्यात. तसंही मला वाचता आलं पाहिजे."

आता प्रत्यक्ष कागदाचं सांगते. ए-फोर आडवा, दोन घड्या, म्हणजे सहा पानांचा फोल्डर. इथे एक बारीक मेख आहे. २९७ मिलिमीटरचे तीन सारखे भाग केले तर ९९-९९-९९ येतात, पण जे पान आत दुमडलं जातं ते किंचित लहान लागतं, नाहीतर घडी घालताना फुगतं आणि कड वाकते. म्हणून १००, १०० आणि ९७. मागच्या बाजूला हाच क्रम उलटा. मी हे नीट समजून घेण्यासाठी साध्या कागदांच्या इतक्या घड्या घातल्या की मामीला वाटलं पत्रकाचं काम सोडून मी होड्या करतेय.

आतली दोन पानं मी जवळजवळ कोरी ठेवली. म्हणजे त्यावर तक्ता छापला. प्रत्येक पानावर २५ ओळी, दोन्ही मिळून ५०. रकाने: नाव, फोन, वय, दिलेले पैसे, शेरा. २१० मिलिमीटर उंचीतून वरचं शीर्षक आणि समास वजा जाता १७५ उरतात, भागिले २५, म्हणजे एका ओळीला ७ मिलिमीटर. पेनने लिहायला पुरतात. मामाचा जीव खालीवर झाला. "सहातली दोन पानं कोरी? पैसे देऊन कोरा कागद छापायचा?" मी म्हटलं, बाई नाहीतरी वहीत हीच यादी करणार. ती आपल्या कागदावर झाली तर कागद महिनाभर त्यांच्या पर्समध्ये राहील. (आजीलाही आवडलं असतं. लिहायला जागा असलेलं हँडबिल.)

या तक्त्यामुळे कागदाचा प्रश्न आपोआप सुटला. प्रेसवाले चकचकीत आर्ट पेपरचा आग्रह धरून होते, १३० जीएसएम, फोटो खुलतात म्हणून. खुलतात हे खरं, पण त्यावर बॉलपेन नीट चालत नाही, शाई पसरते. आम्ही जाडसर मॅपलिथो घेतला. फोटो जरा बसके आले. चालेल.

फोटो फक्त दोनच. एक मामाच्या खऱ्या बसचा, दार उघडून आतल्या सीट दिसतील असा, आणि एक जेवणाच्या पंगतीचा. पंगतीचा फोटो मामाने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला होता, तो आला १२८० पिक्सेल रुंदीचा. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरायचे, म्हणजे तो सव्वाचार इंचांपेक्षा मोठा छापता येत नाही. आमचं पान चार इंचांहून किंचित कमी, त्यामुळे निभावलं. देवांचे फोटो काढले आणि मुखपृष्ठावर नुसती एक दूर्वांची जुडी रेषेत काढली. मामी खूश.

मुखपृष्ठाचा केशरी रंग मी स्क्रीनवर निवडला होता तो अगदी झेंडूसारखा तेजस्वी होता. प्रूफ आलं तर विटकरीकडे झुकणारं काहीतरी. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, कागद फक्त परत करतो, आणि चार शाईंच्या मिश्रणात तो झगझगीत केशरी बसतच नाही. शेवटी निळ्या शाईचा अंश पूर्ण काढून नुसता पिवळा आणि मॅजेंटा ठेवला, तेव्हा झेंडू नाही तरी निदान वाळलेला झेंडू आला. अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत ठेवा, चारही शाया मिसळून काळा केला तर एखादी प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षराला सावली पडते.

आणि मग फॉन्ट. माझा सगळा मजकूर युनिकोडमध्ये, आणि डीटीपीवाल्या दादांकडे वर्षानुवर्षांचा श्रीलिपीचा सेटअप. त्यांनी कन्व्हर्टरमधून मजकूर काढला. बाकी सगळं ठीक, पण "पायऱ्या" हा शब्द नेमका मोडला. अर्धा र उडून "या"च्या डोक्यावर रफार होऊन बसला. ज्या शब्दावरून इतकं महाभारत झालं तोच! मी त्यांना एन्कोडिंग म्हणजे काय ते समजावायला लागले, तोवर त्यांनी तो परिच्छेद पुन्हा टाईप करून टाकला होता. दादांचा स्पीड बघून मी माझं तोंड मिटलं.

दर आणि तारखा फोल्डरवर छापल्याच नाहीत. दर डिझेलबरोबर हलतात, तारखा अंगारकी आणि दिवाळीच्या सुट्टीप्रमाणे. प्रेसवाले म्हणाले, "पाचशे घ्या की हजार, प्लेटचा खर्च तोच." मग हजार घेतले, आणि हजार फोल्डर वर्ष-दोन वर्षं चालायचे तर त्यावर बदलणारी गोष्ट नको. दरपत्रक वेगळ्या चिठ्ठीवर, झेरॉक्स काढून, घडीत सरकवायचं. त्यावर २५, ३५ आणि ४५ माणसांचे तीन दर शेजारी शेजारी. माणसं वाढली की दर का उतरतो हे त्यातून ग्रुपला दिसतं, आणि मग बाई स्वतःच आणखी सात जणी शोधतात. (आमच्या धंद्यात याला कॉन्फिगरेशन कोडपासून वेगळं ठेवणं म्हणतात. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "झेरॉक्स म्हण की.")

क्यूआर कोड मामाला हवाच होता, कारण शेजारच्या टूरवाल्याकडे आहे. ठीक आहे, टाकला, पण एक सांगते. फुकटात कोड बनवून देणाऱ्या काही वेबसाइट कोडमध्ये आपला पत्ता न घालता त्यांचा स्वतःचा घालतात आणि मुदत संपली की तो बंद पाडून पैसे मागतात. छापलेल्या हजार कागदांवरचा कोड मग नुसती नक्षी. म्हणून थेट मामाच्या व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा असलेला साधा कोड केला, भोवती पांढरी मोकळी जागा ठेवून. बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "मी फोन करीन. नंबर मोठा करा." नंबर मोठा केला.

त्यांची आणखी एक सूचना राहिली. शास्त्राप्रमाणे यात्रा मोरगावला सुरू करून, आठही झाले की पुन्हा मोरगावलाच पूर्ण करायची असते. दोन दिवसांच्या सहलीत ते बसत नाही, आणि बहुतेक टूरवाले त्याबद्दल बोलतच नाहीत. आम्ही सरळ लिहिलं: दोन दिवसांत शेवटचं मोरगाव होणार नाही, ग्रुपची इच्छा असेल तर तीन दिवसांची आखणी करू. मामा म्हणाला, आपणच आपली उणीव छापतोय. मामी म्हणाली, छाप.

छपाई होऊन फोल्डर पेपरात टाकले नाहीत. मामा स्वतः स्कूटरवर वाटत फिरला. मंडळांत, संघांच्या कट्ट्यावर, एका हळदीकुंकवालाही (तिथे मामीला पाठवलं). दोन ठिकाणी लोकांनी पायऱ्यांचं वाचून "आम्हाला नाही जमणार" म्हणून परत दिला. एका मंडळाने दर जास्त वाटतो म्हणून दुसरीकडे बुकिंग केलं. मामा मला फोनवर हे सगळं सांगायचा, आवाजात "बघ, मी म्हटलं होतं" नसायचं, पण मला ऐकू यायचंच.

गेल्या आठवड्यात कराडहून एक फोल्डर परत आला. ओळखीच्या एका बाईंना दिलेला होता, त्यांच्याकडून तो आणखी कुणाकडे गेला, मग तिसरीकडे. मामाने त्याचा फोटो पाठवला. घड्या पडून मऊ झालेला, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. तक्त्यात ३८ नावं, निळ्या पेनने, दोन-तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. "वय" हा रकाना मामाने पुढच्या सीट ठरवायला हट्टाने घालायला लावला होता. तो वरपासून खालपर्यंत एका तिरक्या रेघेने काटलेला, आणि रेघेवर लिहिलंय, "सगळ्या ज्येष्ठ". पैशांच्या रकान्यात ३१ जणींचा अ‍ॅडव्हान्स आलेला. शेरा या रकान्यात कुठे "उपास", कुठे "खिडकी हवी", एके ठिकाणी "घोरते", आणि सहा नावांपुढे "डोली".

मामाने त्याच संध्याकाळी लेण्याद्रीला फोन लावून सहा डोल्या सांगून ठेवल्या.